काचपेटीतले गोकुळ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर नावाचे गाव आहे. तेथील भगवान मल्लिनाथांच्या जैन मंदिराच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात. गावाभोवती मराठवाड्याची काळी जमीन पसरलेली आहे. पावसाळा सरला, की या भागात पाण्याची साठवण हा घरोघरचा विचार होऊन बसतो. अंगणात सिमेंटचा हौद, परसात रांजण, गच्चीवर टाकी! परंतु जेथे पाणी साठते तेथे डास अंडी घालतात, आणि डासांच्या पाठोपाठ हिवताप व डेंग्यू यांचे आगमन होते. म्हणून महाराष्ट्रात आरोग्य खात्याचे कर्मचारी गावोगावी वापराच्या पाण्याच्या हौदांत एक लहानसा मासा आणून सोडतात. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाद्य होय. या माशाचे नाव गप्पी.

नाव ऐकून हा मासा मोठा गप्पिष्ट असावा, असे कोणाला वाटेल; पण गप्पांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि त्याच्या लगतचे त्रिनिदाद बेट हे त्याचे मूळ घर. त्या बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थाने १८६६ साली त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले, आणि त्या गृहस्थाचे आडनाव माशाला कायमचे चिकटले. खरे पाहता त्याच्या सात वर्षे आधीच, १८५९ साली, विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु लोकांच्या जिभेवर राहिले ते गप्पीचेच नाव.

आता समजा, शिरड शहापूरच्या एखाद्या मुलीने घरच्या हौदातील एक गुबगुबीत गप्पी मादी वाटीत धरली आणि खिडकीजवळच्या काचपेटीत सोडली. ही पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच आहे. तीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. शहरातून आणलेले दोन गुरामी, चार-सहा पट्टेदार झेब्रा मासे आणि एक काळी मोली असे निरनिराळ्या जातींचे मासे तीत गुण्यागोविंदाने राहत आहेत. अशा पेटीला मिश्र मत्स्यटाकी म्हणतात. त्यात आणखी एका माशाची भर पडली, तर काय बिघडणार? वरवर पाहता काहीच नाही. एक चिमूटभर खाणे जास्त लागेल, एवढेच!

पण काही दिवसांनी सकाळी पाहावे, तो पाणवनस्पतींच्या पानांआड काळ्या डोळ्यांचे इवलेसे ठिपके हलताना दिसतात. ती गप्पीची पिल्ले होत. बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पी मात्र अंडी न घालता थेट पोहणारी पिल्लेच जन्माला घालते. मोली, प्लॅटी आणि तलवारशेपट्या म्हणजे स्वोर्डटेल हे तिचे भाऊबंदही तसेच. साधारणपणे दर चार आठवड्यांनी गप्पीची एक वीण होते. एका विणीत वीस ते पन्नास पिल्ले सहज असतात. थोराड मादीला त्याहूनही अधिक होतात. ही पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात.

मुलांनो, आता पाटी-पेन्सिल घ्या आणि एक हिशोब करा. दर महिन्याच्या विणीत तीस पिल्ले होतात, त्यांतील निम्म्या माद्या असतात, आणि प्रत्येक मादीला वयाच्या चौथ्या महिन्यापासून दरमहा तीस पिल्ले होऊ लागतात, असे धरा. एकही मासा मरत नाही, असेही धरा. पहिल्या चार महिन्यांत आपल्या एकट्या मादीची एकशे वीस पिल्ले झाली. पाचव्या महिन्यात पहिल्या विणीतील पंधरा मुली आया बनल्या. त्यांची चारशे पन्नास पिल्ले आणि आजीची तीस मिळून चारशे ऐंशी. सहाव्या महिन्यात दुसऱ्या विणीतील पंधरा मुलीही त्यांना येऊन मिळाल्या. म्हणजे आजी धरून एकतीस माद्यांची नऊशे तीस पिल्ले. सारी बेरीज करून मूळ मादी तीत मिळवली, की सहा महिन्यांअखेर मासे होतात एक हजार पाचशे एकतीस! आणि पाणी मात्र तेच पन्नास लिटर. एका माशाच्या वाट्याला जेमतेम दोन मोठे चमचे पाणी यावयाचे.

हा हिशोब कागदावरचा आहे, हे उघडच आहे. कोणत्याही काचपेटीत दीड हजार गप्पी कधी मावलेले नाहीत. मग कागद आणि पाणी यांच्यामध्ये ते मासे जातात तरी कोठे? हाच आपल्या पाठातील खरा प्रश्न आहे.

त्यासाठी आधी गप्पीच्या मूळ घरी जाऊन येऊ. त्रिनिदादच्या डोंगरांतून अनेक ओढे वाहतात व त्यांच्या वाटेत धबधबे आहेत. धबधब्यांच्या खालच्या पाण्यात गप्पींना गिळणारे मोठे मासे असतात. धबधबा चढणे त्या मोठ्यांना जमत नाही. त्यामुळे वरच्या पाण्यात राहणाऱ्या गप्पींना फारसे भय नसते. शास्त्रज्ञांना असे आढळले, की खालच्या गप्पी लवकर वयात येतात आणि त्यांना पुष्कळ, पण बारीक पिल्ले होतात. वरच्या गप्पी सावकाश वाढतात आणि त्यांना थोडी, पण मोठी पिल्ले होतात. हे शत्रूंमुळेच घडते काय, हे पाहण्यासाठी खालच्या काही गप्पी उचलून शत्रू नसलेल्या वरच्या पाण्यात सोडण्यात आल्या. अकरा वर्षांनी पाहिले, तेव्हा त्यांचे वंशज सावकाश वाढणारे व थोडी पिल्ले देणारे झाले होते! डेव्हिड रेझनिक, जॉन एन्डलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध केले.

तेव्हा गप्पीची विपुल प्रजा ही तिच्या शत्रूंची गणती आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तीसांतील अठ्ठावीस गिळली जाणार, म्हणून तीस जन्माला येतात. आपण तिला ओढ्यातून काढून काचेत आणतो तेव्हा बगळे, खंड्या, पाणसाप आणि मोठे मासे मागे राहतात. तीस पिल्ले देण्याची रीत मात्र तिच्याबरोबर येते. अकरा वर्षे थांबून ती रीत बदलेल, अशी वाट पाहणे तर खिडकीजवळच्या काचपेटीला परवडणारे नाही.

शत्रू नाहीत म्हणून पिल्ले सुखाने नांदतील, असे मात्र समजू नका. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि मलमूत्रही पाण्यातच टाकतो. त्या घाणीतून आणि न खाल्लेल्या अन्नातून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ निर्माण होतो. वाळूत आणि गाळणीत राहणारे काही उपकारक जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. परंतु हे जीवाणू म्हणजे काही अक्षय पात्र नव्हे. माशांची संख्या एकाएकी वाढली, की त्यांचे काम मागे पडते व विष साचू लागते. त्यातच उन्हाळा आला म्हणजे कठीण प्रसंग. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मराठवाड्यातील वैशाखात उष्णतेचा पारा चाळीस अंशांवर चढतो, तेव्हा गजबजलेल्या पेटीतील मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. ते खाणे मागत आहेत, असे समजून मुले आणखी खाणे टाकतात आणि पाणी आणखी बिघडते. वास्तविक ते बिचारे हवेसाठी तळमळत असतात. अशा पेटीत काही मासे खुरटतात, काहींचे पर झडतात, आणि मोली किंवा गुरामी, ज्यांचा या साऱ्या प्रकरणात काहीच अपराध नसतो, तेही एखाद्या सकाळी मरून तरंगू लागतात.

याच भागातील पाण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. येथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. माठाच्या बाहेर पांढरी पुटे धरतात, ती त्यातील क्षारांचीच. गप्पी आणि मोली यांना असे जड पाणी चांगले मानवते, म्हणून त्यांची वाढ येथे जोमाने होते. पण उन्हाळ्यात पेटीतील पाणी आटते तेव्हा वाफ होऊन जाते ते केवळ पाणी; क्षार मागेच राहतात. आटले तेवढे वरून ओतणे, म्हणजे पाणी बदलणे नव्हे. आठवड्याला चौथाई पाणी काढून तितकेच नवे घातले पाहिजे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर ते पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवून मगच घालावे. काढलेले पाणी वाया जात नाही. झाडांना ते उत्तम खतासारखे उपयोगी पडते.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळू. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील सी. एम. ब्रेडर आणि सी. डब्ल्यू. कोट्स या दोघा अभ्यासकांनी एक साधा, पण विलक्षण प्रयोग केला. त्याची हकिकत १९३२ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी सारख्या आकाराच्या दोन काचपेट्या घेतल्या. एकीत गाभण असलेली एकच गप्पी मादी सोडली. दुसरीत नर, माद्या आणि पिल्ले मिळून पन्नास गप्पी सोडले. दोन्हींत खाणे भरपूर घातले आणि एकही मासा बाहेर काढला नाही. काही महिन्यांनंतर त्यांनी दोन्ही पेट्यांतील मासे मोजले, तेव्हा पहिल्या पेटीत होते नऊ मासे. आणि दुसऱ्या पेटीत? तेथेही नऊच!

एकीत एकाचे नऊ झाले, दुसरीत पन्नासांचे नऊ झाले. खाण्याचा तुटवडा नसतानाही दाटी होताच मोठ्या माशांनी नवी पिल्ले खाऊन टाकली होती. म्हणजे आपल्यात किती मासे राहावेत, हे जणू पेटीनेच ठरवून टाकले होते. आपल्या हिशोबातील दीड हजार मासे कोठे जातात, याचे उत्तर येथे मिळते. संख्येला मर्यादा पडतेच पडते. मात्र ती जन्माच्या आधी घालावयाची, की जन्मलेल्यांच्या मरणाने पडू द्यावयाची, एवढेच पाळणाऱ्याच्या हाती असते.

जन्माच्या आधी मर्यादा घालण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे केवळ नर पाळणे. गप्पीचे नर ओळखणे अवघड नाही. नर जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, सडपातळ, रंगीबेरंगी; मादी त्याच्याहून बरीच मोठी, करड्या रंगाची. तरीही शंका वाटल्यास पोटाखालचा, शेपटीकडील पर पाहावा. मादीचा तो पर पंख्यासारखा त्रिकोणी असतो, तर नराचा काडीसारखा अणकुचीदार. मादीच्या पोटाच्या मागील बाजूस एक काळसर डागही दिसतो. सहा-सात नरांची पेटी ही रंगांची दिवाळीच असते, आणि तीत एकही पिल्लू होत नाही.

नर सगळे काढून केवळ माद्या ठेवल्या तर? येथे पुष्कळजण फसतात. एकदा नराशी संबंध आला, की गप्पीची मादी नराचे बीज आपल्या शरीरात कित्येक महिने जिवंत साठवून ठेवते, आणि त्यानंतर नर नसतानाही तिच्या विणी एकामागून एक होत राहतात. आपल्या गोष्टीतील मुलीने एकच मासा आणला होता, हे तुमच्या ध्यानात असेलच. एकट्या मादीला पिल्ले कशी झाली, याचे कोडे येथे उलगडते. म्हणून माद्याच ठेवावयाच्या असतील, तर पाच-सहा महिने धीर धरावा लागतो. पिल्ले वाढवावयाची असतील, तर तीही महिना-सव्वा महिन्याची होताच, पर ओळखू येऊ लागताच, नर एकीकडे व माद्या दुसरीकडे कराव्या. दुसरी पेटी नसेल, तर मोठी काचेची बरणी किंवा बादलीही काही दिवस चालते.

झेब्रा, बार्ब यांसारख्या अंडी घालणाऱ्या माशांची चिंता मिश्र टाकीत सहसा करावी लागत नाही. ते अंडी विखरून टाकतात आणि बहुतेक अंडी त्याच पेटीतील मासे खाऊन टाकतात.

पिल्ले झालीच, आणि ती गुरामीने किंवा स्वतः गप्पींनीच खाल्ली तर? पाणवनस्पतींची दाटी कमी केली, म्हणजे पिल्लांना लपावयास जागा उरत नाही व बहुतेक दोन-चार दिवसांत नाहीशी होतात. अनेक जाणकार हाच उपाय सांगतात आणि निसर्गाचा क्रमही हाच आहे. पण मुंगीवरही पाय पडू नये म्हणून जपणारी माणसे ज्या गावात येतात, तेथील मुलीला हे पाहवेल काय? माझ्या मते तिला पाहवत नसेल, तर त्यात तिचा काही दोष नाही. माशाने मासा खाणे, यात पाप नाही. पण ज्याला ते पाहवत नाही, त्याने आधीच नर-माद्या वेगळ्या करण्याचे कष्ट घ्यावेत. नर-माद्या एकत्र ठेवावयाच्या, दाट वनस्पती लावावयाच्या, दिवसातून चार वेळा खाणे घालावयाचे आणि एकही पिल्लू मरू नये असे म्हणावयाचे, हे मात्र जमणारे नाही. खाणे दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी थोर मासे मजेत राहतात.

इतके करूनही मासे जास्त झाले, तर पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो ओढ्याचा. पावसाळ्यात ओढा भरून वाहत असतो. मासे त्यात सोडले, की ते सुटले आणि आपणही सुटलो! मुलांनो, हा विचार दिसावयास दयाळू, पण परिणामी फार घातक आहे. या भागातील ओढ्यांचे पाणी अखेर गोदावरीला मिळते, आणि परका मासा एकदा नदीत शिरला, की त्याला कोणी परत बोलावू शकत नाही. डास मारण्यासाठीच १९२८ साली गॅम्ब्युशिया नावाचा, मूळचा उत्तर अमेरिकेतील मासा आपल्या देशात आणला गेला. तो डासांच्या अळ्यांबरोबर देशी माशांची व बेडकांची अंडी-पिल्लेही खातो. आज तो जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे.

त्याच यादीत आणखी एक मासा आहे, तो तुम्ही बाजारात कदाचित पाहिलाही असेल. त्याला आपल्याकडे चिलापी म्हणतात. आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी आपल्या तोंडात धरून जपते. त्यामुळे पिल्ले मोठ्या संख्येने वाचतात. परिणामी तळ्यात चिलाप्यांची इतकी दाटी होते, की सारेच खुरटतात आणि बोटभर लांबीचे मासे विणू लागतात. भीमा नदीवरील उजनी जलाशयात आज चिलापीच चिलापी दिसते. जेथे ती बळावते तेथे देशी माशांना जागा अपुरी पडते. मत्स्यशेती करणाऱ्यांनी या अतिवाढीवर कोणता तोडगा काढला असेल, बरे? तोच, जो आपण काचपेटीसाठी पाहिला: तळ्यात केवळ नर सोडणे.

तेव्हा जास्तीचे गप्पी ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. ज्याच्याकडे काचपेटी आहे अशा मित्राला द्यावेत, पण पाच मागितले तर पाचच द्यावेत, आणि नर कोणते, माद्या कोणत्या, हे दाखवून द्यावेत. शाळेत काचपेटी असेल, तर गुरुजींना विचारावे. गावात हिवतापाचे काम पाहणारे आरोग्य सेवक येतात, त्यांनाही सांगून ठेवावे. ज्या सिमेंटच्या हौदाचे पाणी वाहून ओढ्याला मिळत नाही, अशा हौदासाठी त्यांना गप्पी हवेच असतात. मासे नेताना रुंद तोंडाची बरणी घ्यावी, ती अर्धीच पाण्याने भरावी व वर हवेला जागा ठेवावी. त्या दिवशी त्यांना खाणे घालू नये. हौदाशी पोचल्यावर बरणी तशीच पाण्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी, म्हणजे आतले व बाहेरचे पाणी सारखे ऊन होते. मग हौदातील थोडे थोडे पाणी बरणीत घालावे, आणि शेवटी ती हळूच कलती करावी. मासे आपले आपणच बाहेर पोहत जातात.